ग्रुप अॅडमिनची जबाबदारी आणि पुराव्याची जपणूक

काका, सभासदाने व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या बदनामीकारक मजकुरासाठी इंदूरच्या मंडळाच्या ग्रुपचा अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच म्हटलंय: समान हेतू किंवा संगनमत दिसायला हवं. मात्र तो निकाल आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठावर बंधनकारक नाही, वकील तो दाखला म्हणून मांडतील.

व्हॉट्सअॅप कंपनीला वापरकर्त्यांच्या मजकुराबाबत संरक्षण आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याच्या कलम ७९ चं. सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालानंतर (२०१५) नुसत्या खासगी नोटिशीने ते जात नाही. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. तरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज कराच. त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे जाता येतं.

सगळ्यात जास्त घोळ पुराव्यात होतो. लोक स्क्रीनशॉट काढतात आणि रागाने ग्रुप सोडून चॅट पुसतात. कृपा करून तसं करू नका! मूळ फोन रीसेट न करता जपा, चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा. न्यायालयात हा डिजिटल पुरावा द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यात हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) असतं. प्रमाणपत्राचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने.

आणि व्हॉट्सअॅपवर ‘रिपोर्ट’ केलंत की शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, एन्क्रिप्शन (मेसेज इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून केलेलं कुलूपबंद रूप) असूनही.