विश्वाला आरंभ होता की ते अनादि आहे?

प्रश्न : विश्व १३.८ अब्ज वर्षांपूर्वी सुरू झाले असे सर्वत्र वाचायला मिळते. पण त्याआधी काय होते, असे विचारले की उत्तरे धूसर होतात. मग ते अनादि मानायला हरकत काय?

प्रतिसाद १ : हरकत निरीक्षणांची आहे. १९४८ साली हॉईल, बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत राहिल्याने त्याचे रूप बदलत नाही. कल्पना देखणी होती. मात्र रेडिओ अँटेनातील कबुतरांची विष्ठा साफ करूनही पेन्झियास आणि विल्सन या संशोधकांना सतावणारी खरखर १९६५ मध्ये सर्व दिशांनी येणारे, सुमारे २.७ केल्विन (उणे २७० अंश सेल्सिअस) तापमानाचे प्रारण (किरणोत्सर्जन) ठरली आणि तप्त, घन भूतकाळ मानल्याशिवाय तिचा सहज उलगडा होईना.

प्रतिसाद २ : तप्त भूतकाळ म्हणजे आरंभ नव्हे. विश्वाच्या प्रसरणाची समीकरणे काळात मागे नेल्यावर घनता अनंत होते, याचा अर्थ तिथे सामान्य सापेक्षता सिद्धांत (आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) अपुरा पडतो, एवढाच. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ साली मांडलेले, आरंभ न मानणारे पर्यायी प्रारूप बहुतेकांना पटले नाही, तरी आरंभाबद्दलची त्यामागची शंका रास्त होती.

प्रश्नकर्ता : म्हणजे १३.८ अब्ज वर्षे हा आकडा विश्वाच्या वयाचा नसून आपली समीकरणे जिथवर मागे पोहोचतात, त्या कालावधीचा आहे?

प्रतिसाद २ : मी तरी तो तसाच वाचतो.