मदत हवी आहे: टीव्हीवर लॅपटॉपचं चित्र कडेने कापलं जातंय

मंडळी, जुन्या ३२ इंची टीव्हीला लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडलाय. चित्र येतं, पण चारही बाजूंनी बोटभर कापलेलं. टास्कबार अर्धाच दिसतो, कोपऱ्यातलं घड्याळ तर गायबच. विंडोजमध्ये रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे, टीव्हीचं पॅनल मात्र १३६६ बाय ७६८. १२८० बाय ७२० करून पाहिलं. कडा तशाच, वर अक्षरं फुगीर!

ओव्हरस्कॅनच असणार हे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर टाकतो ते. पण रिमोटवर 'जस्ट स्कॅन' (चित्र न कापता पूर्ण दाखवणारा पर्याय) वगैरे काही नाही, फक्त १६:९, ४:३ आणि झूम. इनपुटचं नाव 'पीसी' ठेवलं की काही टीव्हींत सुटतं म्हणे. यात नाव बदलताच येत नाही. ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र आकसलं तर अक्षरं धूसर होतील का? की सरळ व्हीजीए (जुन्या पद्धतीची मॉनिटरची) केबल आणू? आई रोज विचारते, "अरे, खालची अक्षरं कुठे गेली?"