हिशोब टाका ना प्लीज

(सातारा, शाहूपुरीतल्या सोसायटीचा ग्रुप. शनिवारी पाचगणीची सहल झाली, हा रविवार.)

ए-१०१ नाना: शुभ सकाळ 🌹 सहल उत्तम झाली. फक्त वाईत ढोल्या गणपतीला थांबायचं राहिलं. १७६२ सालचं देऊळ, पाच मिनिटं बस थांबली असती तर काय आभाळ कोसळणार होतं.

सी-२०३ शर्वीची मम्मी: सेक्रेटरी साहेब हिशोब कधी टाकताय? शर्वीचे पार्कातल्या राईड्सच्या कॉम्बोचे ५०० घेतलेत, तिला हातातला बँड मिळाला नाही, आणि तिथे बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की ९० सेंमीच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. मग ते ५०० गेले कुठे, एवढंच सांगा.

ए-३०२ विहानची आई: विहानची निळी सँडल कुणाच्या पिशवीत आलीय का? उजव्या पायाची. जाड सोलची, मागे पट्टा आहे.

ए-१०३ पप्पूदादा: डावी सापडली तर चालेल का वहिनी

ए-३०२ विहानची आई: डावी घरी आहे 🙏

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. सहल सुखरूप पार पडली याबद्दल सर्वांचे आभार. हिशोब सवडीने टाकण्यात येईल. काल रात्री साडेअकराला घरी आलोय, जरा श्वास घेऊ द्या.

सी-२०३ शर्वीची मम्मी: श्वास घ्या ना सर, आम्ही नाही म्हणत नाही. पण पैसे घेताना तासातासाला रिमाइंडर येत होता म्हणून विचारलं.

बी-३०१ निनादचे बाबा: हिशोब होईल हो, मला त्या उड्या मारायच्या फुगवलेल्या मिकी माऊसबद्दल बोलायचंय. काल लाईट गेल्यावर जे झालं ते मी रात्रभर विसरू शकलो नाही. आत आठ-नऊ पोरं होती, ब्लोअर बंद पडला आणि फुगलेली पुरी बसावी तशी ती सगळी भिंत पोरांवर बसायला लागली. त्या रबरी घराला शिवणीतून हवा सारखी सुटतच असते, ब्लोअर चालू असेल तोपर्यंतच ते उभं. जनरेटर लागायला अर्धा मिनिट गेला असेल, तेवढ्यात तो राईडवाला पोरगा एकेकाला पायाला धरून ओढून काढत होता. निनादचं फक्त डोकं दिसत होतं मला.

बी-२०२ रियाची आई: माझी रिया तर म्हणतेय परत तिथेच जायचं, सगळ्यात भारी राईड तीच होती 😅

बी-३०१ निनादचे बाबा: ताई हसण्यासारखं नाहीये.

बी-२०२ रियाची आई: मी कुठे हसतेय, पोरगी काय म्हणाली ते सांगितलं. आणि तुम्ही त्या वेळी लांब उभं राहून व्हिडिओ काढत होता, आम्ही आत हात घालून ओढत होतो.

ए-१०३ पप्पूदादा: व्हिडिओ टाका मग निनादचे बाबा

बी-१०१ टॅक्सवाले काका: हिशोब टाकताना पार्कचं बिलही जोडावे. तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो. पूर्वी २८ होता, जानेवारी २०१८ पासून १८ झाला. बिल असल्याशिवाय कुणाला काय दिलं हे कळत नाही. साधी गोष्ट आहे.

ए-१०१ नाना: एसटीनं गेलो असतो तर हा प्रश्नच आला नसता. पाच वर्षांच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं, आणि मला पंच्याहत्तरी उलटल्यामुळे साफ फुकट. बसवाल्याला माणशी ४०० कशाला दिले.

ए-१०३ पप्पूदादा: नाना एसटी वय बघते, पार्कवाला उंची बघतो. तुम्हाला तिथे पण फुकट सोडलं नसतं

ए-१०१ नाना: मला कोणी ओळखत नाही असं वाटतं का तुला.

सी-२०३ शर्वीची मम्मी: विषय भरकटतोय. बोर्डावर ९० सेंमीच्या आत तिकीट नाही. शर्वी ८८. ५०० चं काय झालं?

सी-१०१ देवयानीताई: शर्वीच्या मम्मी, तुमचं खरं आहे पण घाटात शर्वीला उलटी झाली तेव्हा बस आमच्या पोरांनीच पुसली, आम्ही काही बोललो का. पसरणी घाट लागतो सगळ्यांना, पण निघताना आंबा खायला द्यायचा नसतो एवढं तरी...

सी-२०३ शर्वीची मम्मी: देवयानीताई आंबा तुमच्याच डब्यातला होता 🙏

ए-१०३ पप्पूदादा: 🥭🥭

डी-२०१ (नवीन): नमस्कार, आज टाकीला पाणी किती वाजता सोडणार?

सेक्रेटरी: पाणी नेहमीप्रमाणे ९. कृपया हा विषय वेगळा ठेवावा.

डी-२०१ (नवीन): हा सोसायटीचाच ग्रुप आहे ना?

सेक्रेटरी: हिशोब देतो, मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतोय, मध्ये कुणी बोलू नये. मुलं १८, प्रत्येकी ५०० प्रमाणे जमा ९०००. पार्कात कॉम्बो ५०० ला होता पण १५ मुलांचा ग्रुप असेल तर ४५०. ९० सेंमीच्या वरची मुलं १४ भरली. १४ ला ५०० प्रमाणे ७००० होतात, १५ बँड घेतले तर ६७५०. म्हणून १५ घेतले. दुसऱ्या पार्कात फुलराणी सगळ्या १८ मुलांना ४० प्रमाणे ७२०. कुल्फी ३० प्रमाणे ५४०. ड्रायव्हर चहापाणी ५००. बस धुणे ३००. एकूण ८८१०. शिल्लक १९०, रोख माझ्याकडे. यात माझा एक रुपयाचा स्वार्थ नाही, उलट फोनचा खर्च मी लावलेला नाही.

बी-१०१ टॅक्सवाले काका: बेरीज बरोबर आहे. बिल?

सेक्रेटरी: बिल मागितलं नाही, गर्दी होती.

सी-२०३ शर्वीची मम्मी: म्हणजे शर्वीसाठी काही घेतलंच नव्हतं. फुलराणी आणि कुल्फी मिळून ७० रुपये. बाकीचे ४३० मी ड्रायव्हरच्या चहाला दिले असं धरायचं का. सर मी पैशासाठी बोलत नाहीये, मला ते दृश्य आठवतंय. त्या लाकडी जोकरच्या हाताखाली उभं करून माप घेतात ना, शर्वीच्या कारंज्याच्या वेण्या त्याच्या हाताला लागल्या, ती केवढी खुश झाली, मी लागले मी लागले म्हणून ओरडली, आणि त्या माणसाने तळहाताने वेण्या दाबल्या आणि म्हणाला नाही बसत. डॅशिंग कारच्या जाळीला तोंड लावून अर्धा तास उभी होती पोरगी. आतून सगळ्यांना नावाने हाका मारत होती.

बी-२०२ रियाची आई: हो ते बघून मलाही वाईट वाटलं.

बी-३०१ निनादचे बाबा: नियम आहे तो सुरक्षेसाठी. पट्टा छातीवरून येतो, लहान मुलाच्या गळ्यावर बसतो. त्या माणसाने बरोबरच केलं.

सी-२०३ शर्वीची मम्मी: बरोबरच केलं, मी त्याला काही बोलले नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की झालं.

ए-३०२ विहानची आई: निळी सँडल, उजव्या पायाची. प्लीज बघा ना कुणीतरी. मिकी माऊसच्या बाहेर सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता, तिथे काढलेली. लाईट गेल्यावर पळापळीत कुणीतरी उचललीय. नऊशेची जोडी आहे, शाळेला लागते.

ए-१०३ पप्पूदादा: शाळेला सँडल?

ए-३०२ विहानची आई: ट्युशनला.

बी-१०१ टॅक्सवाले काका: एक शंका. ९० च्या वरची मुलं १४. बँड १५. पंधरावा बँड शिल्लक असेल ना? ४५० रुपयांची वस्तू आहे, पार्कवाले परत घेतात का ते बघता येईल.

सेक्रेटरी: बँड वापरला गेला की नाही हे आता महत्त्वाचं नाही काका. स्वस्त पडावं म्हणून घेतला होता हे वर स्पष्ट केलं आहे.

बी-१०१ टॅक्सवाले काका: महत्त्वाचं नाही तर सांगून टाका.

ए-१०१ नाना: मुलाने मोबाईलमधले फोटो टाकायला शिकवले आहेत. टाकतो सगळे.

ए-१०१ नाना: 📷 ४७ फोटो

ए-१०३ पप्पूदादा: नाना यात ३० तुमच्या अंगठ्याचे आहेत

सी-१०१ देवयानीताई: टेबललँडचे छान आलेत. नाना घोड्यावर बसलेले 😂

ए-१०१ नाना: घोडेवाला म्हणाला आजोबा उंची बघत नाही बसा.

बी-२०२ रियाची आई: सेक्रेटरींच्या आरूचा फोटो किती गोड आलाय, जोकरच्या हाताखाली अगदी ताठ उभा, सेक्रेटरी काकू मागे.

ए-३०२ विहानची आई: एक मिनिट

ए-३०२ विहानची आई: आरूच्या पायात कुठल्या सँडल आहेत?

सी-२०३ शर्वीची मम्मी: आणि हातात केशरी बँड.

ए-३०२ विहानची आई: मी झूम केलं. निळ्या आहेत. मागे पट्टा आहे. टाचेमागे चार बोटं जागा रिकामी आहे.

ए-१०३ पप्पूदादा: सोल किती सेंमीचा आहे वहिनी

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

बी-३०१ निनादचे बाबा: मी मघाशी गळ्यावर पट्टा बसतो म्हणालो ते कुणाला उद्देशून नव्हतं.

ए-१०१ नाना: आरू आमचा हुशार आहे. डॅशिंग कार मस्त चालवली त्याने. हा पण फोटो बघा.

ए-१०१ नाना: 📷

सी-१०१ देवयानीताई: नाना पुरे आता 🙏

सेक्रेटरी काकू: नमस्कार, मी ह्यांच्या फोनवरून नाही माझ्या फोनवरून बोलतेय. आरू ८९ आहे, एक सेंमी राहिला होता. पोरगं रडायला लागलं, बँड हातात शिल्लक होता, समोर ढिगात सँडल दिसली, घातली. विहान आत उड्या मारत होता त्याला लागत नव्हती. परत ठेवायची होती तेवढ्यात लाईट गेली. एक परत ढिगात पडली, एक आरूच्या पायातच राहिली, ती पिशवीत आली. माझं चुकलं, ह्यांना माहीत नव्हतं.

बी-१०१ टॅक्सवाले काका: ह्यांनीच बँड दिला ना.

ए-१०३ पप्पूदादा: काका रविवार आहे सोडा

सी-२०३ शर्वीची मम्मी: काकू तुम्ही सांगितलंत ते बरं केलं. शर्वीला एक सेंमी जास्त लागला असता, नाहीतर मीही सँडल शोधली असती. खरं सांगते.

सेक्रेटरी: सँडल वॉचमनकडे ठेवली आहे. शर्वीच्या मम्मींना ४३० जीपे केले आहेत, माझ्या खिशातून. हा विषय इथे संपला असे समजावे.

बी-१०२ अथर्वचे पप्पा: साहेब आमचा अथर्व पण ८७ आहे, त्यालाही बँड नव्हता. सकाळपासून कामात होतो म्हणून बोललो नाही.

डी-१०१ ओवीची आजी: आमची ओवी पण.

डी-२०१ (नवीन): सव्वानऊ झाले, पाणी आलं नाही.