मदत हवी आहे: कसारा घाटात गाडी ओढत नाही, इंटरकूलर की टर्बो?

गंगापूररोड
सपाटीला गाडी ठीक चालते. कसारा चढायला लागलं की पिकअप गायब, मागे काळा धूर. पाय पूर्ण दाबूनही मालट्रक ओव्हरटेक होत नाही. गॅरेजवाला म्हणतो इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करतो तो) चोक झालाय, नवीन टाका. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात टर्बो गेला, अख्खी असेंब्ली बदला. शनिवारी आईला मुंबईला डॉक्टरकडे न्यायचंय. इंटरकूलर काढून थेट पाईप जोडला तर चालेल का? लवकर सांगा.

पाथर्डीफाटा
गाडी कोणती, किती चालली? डिझेल का? चेक लाइट लागतो का? स्कॅनर लावला का कुणी?

गंगापूररोड
डिझेलच हो, सात सीटर. लाइट येतो-जातो. मी इंटरकूलरचं विचारलंय.

घाटवाट
ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करून घ्या. माझ्या गाडीला हेच होत होतं, कार्बन काढला आणि गाडी मोकळी झाली. इंटरकूलरच्या नादी लागूच नका.

कॉम्प्रेशन
घाटवाट, ईजीआर असू शकतो, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ या.
टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. बाहेरची ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर ती १२० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ, म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी. इंटरकूलरने ती ६० अंशांपर्यंत आणली तर त्याच दाबाला १५ ते २० टक्के जास्त हवा आत जाते. घाटात ओढायला हीच हवा लागते.
थेट पाईप टाकला तर गाडी चालेल, पण ओढ कमी होईल, धूर वाढेल आणि एक्झॉस्टचं तापमान चढेल, तेही नेमकं चढणीला. करू नका.

देवळालीकॅम्प
हे टर्बोपुरतंच खरं आहे. टर्बो एक्झॉस्टवर फिरतो, त्याची उष्णता हवेला लागते. सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, त्याला इंटरकूलरची गरज नाही. मित्राने पेट्रोल गाडीला किट बसवलंय, त्यात इंटरकूलर नाही.

कॉम्प्रेशन
देवळालीकॅम्प, नाही. हवा तापते ती मुख्यतः दाबल्यामुळे. फिरवणारा पट्टा असो की एक्झॉस्ट, दाब तोच तर तापणं टळत नाही. रूट्स प्रकारचा (दोन रोटरांनी हवा ढकलणारा) सुपरचार्जर तर चांगल्या टर्बोपेक्षा हवा जास्तच तापवतो. ऑडीच्या ३.० टीएफएसआय इंजिनात सुपरचार्जर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत बसतो आणि त्याच्याच घरात पाण्याने थंड होणारे इंटरकूलर दिलेले आहेत. हवेचा लांब पाईप पुढे नेऊन परत आणायला नको. बूस्ट, म्हणजे हवेचा वाढवलेला दाब, कमी असला तर किटवाले इंटरकूलर वगळतात, तेवढं बरोबर. पण पेट्रोलमध्ये हवा तापली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) सुरू होतं, मग इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि मिळवलेली ताकद तिथेच जाते. मित्राला मे महिन्यात दुपारी चालवून बघायला सांगा.

देवळालीकॅम्प
त्याची गाडी मजबूत पळते, एवढं मी स्वतः बघितलंय.

ओझरकर
मुंबईलाच जायचं तर इगतपुरीहून समृद्धी धरा. सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाट लागतच नाही.

पाथर्डीफाटा
ओझरकर, येताना त्यांना चढायचंच आहे ना? बोगद्यातही चढ आहेच. गाडी दुरुस्त करण्याचं बोलू.
स्कॅन केला का?

गंगापूररोड
आत्ता केला. कोड आला पी०२९९.

पाथर्डीफाटा
म्हणजे बूस्ट हवा तेवढा होत नाही. त्याचा अर्थ टर्बो गेला असा नाही! आधी टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हे दोन्ही पाईप बघा. चीर बहुतेक खालच्या बाजूला असते आणि दाब आला की उघडते, म्हणून उभ्या गाडीत सापडत नाही. हवेचा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. मोजलेली हवा वाटेत गळते, इंजिन मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल देतं. काळा धूर येतो तो त्यातूनच. जोडावर तेलाचा ओशटपणा दिसला की तिथे हात फिरवा. पाईपात कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात.
इंटरकूलरच्या आत तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. पण तेल ओतण्याइतकं निघालं तर टर्बोचं सील बघा आणि तोवर गाडी चालवू नका. तेच तेल पिऊन डिझेल इंजिन किल्ली बंद केली तरी पळत राहू शकतं.

पिंपळगावकर
बाहेरची जाळीही बघा. आमच्याकडे बागेच्या रस्त्याला धूळ आणि किडे मिळून पट्ट्यांमध्ये गच्च बसतात, हवा जातच नाही. फवारणीच्या गनने मात्र मारू नका, पट्ट्या वाकतात. साधं पाणी, आतल्या बाजूने बाहेर.

गंगापूररोड
अंबडला बंपर काढून बघितलं. टर्बोकडून येणाऱ्या पाईपला खालून चीर आहे, तेलाने माखलाय. आत तेल फारसं नाही. जाळी मातीने भरलेली. पण पाईप सोमवारशिवाय येणार नाही म्हणतात. टेप गुंडाळून शनिवारी जाऊ का?

घाटवाट
टेपवर दोन क्लिपा मारा, माझं तसं भागलं होतं.

कॉम्प्रेशन
नको. ती गरम बाजू आहे, टेपचा गोंद सुटतो आणि तोही चढावर. दोन्ही टोकांचा व्यास आणि वळणाचा कोन मोजून आडगाव ट्रक टर्मिनसजवळच्या स्पेअरवाल्यांकडे सिलिकॉन होज विचारा. अनेकदा मिळतो. मिळाला तर रुंद पट्टीचा, बोल्टने आवळायचा क्लॅम्प घ्या. बसवल्यावर कोड पुसा आणि स्कॅनर लावूनच चढणीला चालवा. मागितलेला बूस्ट आणि झालेला बूस्ट जुळले तर टर्बो ठणठणीत आहे, असेंब्लीचे पैसे वाचले.

पाथर्डीफाटा
आणि होज नाहीच मिळाला तर आईंना शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने न्या. तिकीट आजच बघा.