ॲपिक्सॅबॅन बंद करून ॲस्पिरिन दिल्यास रक्तस्रावाचा धोका खरोखर कमी होतो का?

प्रश्न
माझ्या आईचे वय ८१ वर्षे आणि वजन ५२ किलो आहे. दोन वर्षांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) निदान झाले, तेव्हापासून ती ॲपिक्सॅबॅन या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेते. गेल्या महिन्यात तिचा दोनदा घोळणा फुटला आणि दुसऱ्या वेळी रक्त बराच वेळ थांबेना. ही गोळी बंद करून ‘सौम्य’ ॲस्पिरिन सुरू करावे, असे मामांचे म्हणणे आहे. डॉक्टरांची भेट सोमवारी आहे; तोपर्यंत हा बदल करावा का?

प्रतिसाद १
परस्पर बदल मुळीच करू नये. या विकारात हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या (वरच्या कप्प्याच्या) कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. ॲस्पिरिन मुख्यतः प्लेटलेट्सवर (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशींवर) काम करत असल्यामुळे अशा गुठळीला ते फारसे आवर घालू शकत नाही. वॉरफरिन हे गुठळ्या रोखणारे जुने औषध न चालणाऱ्या सुमारे ५,६०० रुग्णांवरील ‘ॲव्हेरोज’ चाचणीत (२०११) ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण वर्षाला ३.७ टक्के, तर ॲपिक्सॅबॅन घेणाऱ्यांत १.६ टक्के होते. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. त्यामुळे ‘सौम्य’ हा शब्द येथे फसवा आहे.

प्रतिसाद २
मला प्रश्न मात्रेचा वाटतो. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी लागू झाल्या की ॲपिक्सॅबॅनची मात्रा सहसा २.५ मिलिग्रॅम दोनदा अशी केली जाते. गोळी सुरू झाली तेव्हा आपल्या आई ७९ वर्षांच्या होत्या, म्हणून ५ ची मात्रा त्या वेळी बरोबरही असेल. आता ती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. त्या गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेतात का? त्यांतील काहींमुळेही रक्तस्राव वाढू शकतो. दरम्यान शौच काळी झाली, घोळणा थांबेना किंवा डोक्याला मार लागला, तर सोमवारची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ती
गोळ्यांचा डबा पाहिला, तर त्यात डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची अर्धी रिकामी पट्टी निघाली. शेजारच्या काकूंनी दिली होती म्हणे. ती पट्टी आणि क्रिएटिनिनचा अहवाल सोमवारी सोबत नेते. ॲपिक्सॅबॅन तोवर चालूच ठेवते.