साथीदार, सोबती की जोडीदार?

महालकर (चर्चाप्रस्ताव):
माझे वडील एस. टी.च्या नागपूर–अमरावती गाडीवर चालक होते. त्यांच्या निवृत्ती समारंभाच्या पत्रिकेत, बहुतेक फेऱ्यांना त्यांच्याबरोबर वाहक असलेल्या काकांचा उल्लेख मी ‘२२ वर्षांचे साथीदार’ असा केला होता. छपाईपूर्वीचा नमुना वाचून काकांनी चष्मा काढला आणि विचारले, “का बाप्पा, आपण का दरोडा टाकला होता काय?” ‘आरोपीचे तीन साथीदार फरार’ हे रोज सकाळी वाचणाऱ्याला हा शब्द मानाचा कसा वाटावा? एकनिष्ठ सोबत्यासाठी तो आता वापरू नये, असे माझे मत आहे.

बर्डीकर:
मुळीच पटले नाही. ‘साथी’ला ‘दार’ हा फारसी प्रत्यय लागून, ‘दुकानदार’, ‘जमीनदार’ यांच्याच घडणीचा हा शब्द झाला आहे. त्यात गुन्ह्याचा लवलेश नाही. गायकाच्या मागे बसणाऱ्या तबलजीला आणि पेटीवाल्याला आपण साथीदारच म्हणतो, आणि मैफलीत तसे म्हटल्याने कोणी ओशाळत नाही. दोष बातम्यांचा असताना शब्दाला हद्दपार करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

धरमपेठी:
मैफलीतला अर्थ मैफलीपुरता राहिला आहे. पत्रिका वाचणारे सगळेच मैफलीला जात नाहीत. साधा, शुद्ध मराठी ‘सोबती’ घ्यावा, किंवा तुकोबांचा ‘सांगाती’.

बर्डीकर:
‘सोबत’ हा शब्द अरबी ‘सुहबत’वरून आला आहे, तेव्हा शुद्धतेचा मुद्दा राहू द्या. शिवाय शेजारच्या आसनावर बसून कोंढाळीला उतरून जाणारा प्रवासीही सोबतीच असतो. त्यात निष्ठा कुठे आली? ‘सांगाती’ सुंदर आहे, पण तो विठ्ठलासाठी योजलेला शब्द असल्याने वाहकाच्या नावापुढे लिहिला की पत्रिकेला बुक्क्याचा वास येईल.

पारडीकर:
आमच्या घरी शेती असल्यामुळे मला ‘जोडीदार’ सुचतो. एका जुवाखाली वर्षानुवर्षे चाललेल्या बैलांपैकी एक गेला, की दुसरा नव्या बैलाबरोबर लवकर पाऊल टाकत नाही. तेव्हा घरचे ‘त्याचा जोडीदार गेला’ असेच म्हणतात. चालक आणि वाहक यांचेही जू एकच असते. लग्नाच्या जाहिरातींनी या शब्दावर हक्क सांगितला आहे, एवढीच अडचण.

महालकर:
पत्रिकेवर ‘जोडीदार’ छापून घेतले. काकांनी दोनदा वाचले आणि “काकूला दाखवू नको,” एवढेच म्हणाले.