मदत हवी आहे: वाड्यावरच्या मुलांसाठी घुमट (मडक्याला चामडं ताणून केलेलं वाद्य) शिकवणारे कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. गणेश चवथीला दोन महिने उरलेत आणि वाड्यावरच्या आठवी ते बारावीच्या चौदा मुलांना घुमट आरती शिकायची आहे. देवळाचा मंडप शनिवार-रविवारी संध्याकाळी मिळतो, चहा-भज्यांची सोय बायकांनी घेतलीय. अडलंय ते वाद्यांवर.

आमच्याकडे जुनी तीन घुमटं आहेत, दोघांची चामडी फाटलेली. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही. बकऱ्याचं चामडं नीट ताणून बसवणारा कारागीर कोणाला माहीत आहे का? गेल्या वर्षी एकाकडून बसवून घेतलं, पहिल्याच पावसाळी हवेत ढिलं पडून भद्द वाजायला लागलं. मुलं हसून हसून पडली!

२०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण शिकवायला येणारा माणूस मिळेना. शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) धरणारा असेल तर फारच बरं. मानधन जमेल तेवढं देऊ. आणि हो, तीन मुलीही आहेत, त्यांना 'तुम्ही नुसती झांज धरा' म्हणणारा गुरुजी नको.